फुटका शंख हातात घ्या: पुरातत्त्वातले शंख-शिंपले शिकू पाहणाऱ्यांसाठी

उत्खननाच्या खड्ड्यात मणी निघाला की लोक हाका मारून एकमेकांना बोलावतात. रंगवलेलं खापर निघालं तरी चार डोकी वाकतात. शिंपल्याचा तुकडा निघाला, तर तो 'शिंपले' एवढीच चिठ्ठी लावलेल्या पिशवीत पडतो आणि पिशवी कोठारात जाते. मी या विषयात शिरलो तो अशाच एका पिशवीमुळे. तिच्यात एकही अख्खा शंख नव्हता. शंखांचे तोडलेले शेंडे होते, मधले जाड दांडे होते, आणि नखाएवढे वाकडे तुकडे होते. आठवडाभर ते टेबलावर मांडून बघितल्यावर लक्षात आलं की जवळजवळ सगळे शेंडे एकाच ठिकाणी फुटलेत. एवढी शिस्त निसर्गात नसते. कुणीतरी बसून, दिवसभर, तेच काम करत होतं.

नव्याने शिकणाऱ्याला मी पहिली गोष्ट हीच सांगतो: सुंदर, अख्खा शंख बाजूला ठेवा आणि कचऱ्यापासून सुरुवात करा. दागिना त्याच्या मालकाबरोबर गावोगाव फिरतो, विकला जातो, पुरला जातो. कचरा मात्र काम झालं तिथेच पडून राहतो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पायरी १: आधी ओहोटीला जा

पुस्तक उघडण्याआधी जिवंत प्राणी बघा. कोकणात किंवा गोव्यात कुणी ओळखीचं असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जा. उधाणाला भरती जशी खूप वर येते तशीच ओहोटीही खूप मागे हटते आणि एरवी पाण्याखाली असलेला भाग उघडा पडतो. तिसऱ्या वाळूमिश्रित चिखलात पुरून असतात, कालवं खडकाला इतकी घट्ट चिकटलेली असतात की लोखंडी हत्याराशिवाय सुटत नाहीत, खुबे खाडीच्या गोडसर पाण्याकडे मिळतात. कुठली जात कुठे राहते हे ज्याला पायांनी कळलं, त्याला तीन हजार वर्षांपूर्वीच्या ढिगातली जात बघून 'ही माणसं खाडीत गेली होती की खडकावर' हे सांगता येतं. नकाशावरून हे शिकता येत नाही.

शिंपले काढणाऱ्या बायकांबरोबर एक ओहोटी घालवा. त्या किती वेळ वाकतात, किती लहान शिंपलं परत टाकतात, टोपली किती भरली की परत फिरतात, उकडून मांस काढल्यावर टरफलं कुठे फेकतात, हे सगळं वहीत लिहा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. आरती देशपांडे-मुखर्जी यांनी कोकण किनाऱ्यावरच्या आजच्या शिंपले-वेचणीचा असाच अभ्यास केला आहे, आणि त्यांचं मुख्य काम प्राचीन स्थळांवरच्या शंख-शिंपल्यांवर आहे. आजच्या टोपलीकडे नीट पाहिलं की प्राचीन ढिगाला विचारायचे प्रश्न सापडतात.

ओळख करून घेताना दोनच मोठे गट पुरेत. एक, दोन झडपांचे: तिसऱ्या, कालवं, नदीतले शिंपले. दुसरे, वेटोळ्यांचे: शंख, कवडी, गोगलगाय. दोघांचंही कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचं असतं आणि ते कडेने वाढतं. झाडाच्या वलयांसारख्या वाढीच्या रेषा त्यामुळेच पडतात. या रेषा पुढे फार उपयोगी येणार आहेत.

एक शब्द मात्र आत्ताच सोडवून ठेवा. आपल्याकडे पूजेतला दुर्मीळ 'दक्षिणावर्ती' शंख हा शास्त्रज्ञांच्या भाषेत डावा शंख असतो. परंपरा शंखाची निमुळती पन्हळ वर धरून बघते, प्राणिशास्त्रज्ञ शेंडा वर धरून बघतात. कुणाचंच चुकलेलं नाही. पण टिपणात कुठल्या पद्धतीने लिहिलंय ते न सांगितल्यास पुढचा माणूस हमखास गोंधळतो.

पायरी २: स्वयंपाकघरातला संग्रह

तुलनेसाठी स्वतःचा संग्रह हवा, आणि तो बाजारातून सुरू होतो. तिसऱ्यांचं सुकं केलंत की वीसेक टरफलं जोडीने धुऊन, सावलीत वाळवून, डबीत ठेवा. चिठ्ठीवर जात, स्थानिक नाव, कुठे मिळाली, कोणत्या महिन्यात, एवढं लिहा. स्थानिक नाव लिहायचंच, कारण एकाच नावाखाली रत्नागिरीत एक जात आणि गोव्यात दुसरी विकली जाते. एकाच जातीची लहान, मधली, मोठी अशी सगळी मापं ठेवा. शिवाय काही टरफलं मुद्दाम फोडा, काही चुलीत भाजा, काही दगडावर घासा. खड्ड्यात तुम्हाला फुटलेलं, भाजलेलं आणि घासलेलंच दिसणार आहे. कोरं टरफल ओळखता येणं ही फार छोटी परीक्षा झाली.

इथे कायदा सांभाळा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली शंख-शिंपल्यांच्या काही जाती संरक्षित आहेत. त्यांचं रिकामं कवच बाळगणंही गुन्हा ठरू शकतो. खाण्याच्या, बाजारात उघड विकल्या जाणाऱ्या जातींवर भागवा. आणि पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावरून, मग ते तुमच्या शेताच्या बांधाला लागून असलं तरी, काहीही उचलून घरी आणू नका. फोटो घ्या, जागा नोंदवा, पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठाला कळवा. जागेवरून हललेला तुकडा अर्धा मुका होतो.

पायरी ३: हा इथे आला कसा?

हा सगळ्या विषयाचा कणा आहे, म्हणून इथे थांबू या.

डेन्मार्कच्या किनाऱ्यावर शिंपल्यांचे प्रचंड ढीग आहेत. ते जुन्या समुद्रकिनाऱ्याचे अवशेष असतील असं एकोणिसाव्या शतकात वाटे. १८४८ मध्ये तिघांची समिती नेमली गेली: प्राणिशास्त्रज्ञ स्टीनस्ट्रुप, भूशास्त्रज्ञ फॉर्कहामर आणि पुरातत्त्वज्ञ वोर्सो. त्यांनी जे पाहिलं ते आजही कुणीही नवखा पाहू शकतो. ढिगात पिल्लं नव्हती, जवळजवळ सगळे पूर्ण वाढलेले शिंपले होते. एकमेकांच्या शेजारी न राहणाऱ्या जाती एकत्र होत्या. मध्ये राख, कोळसा, फोडलेली हाडं आणि गारगोटीची हत्यारं होती. लाटेने असं निवडून आणलं नसतं. स्वयंपाकघराचा उकिरडा अशा अर्थाचा डॅनिश शब्द मग जगभरच्या पुरातत्त्वात रूढ झाला. एर्टेबोला इथला असा ढीग सुमारे १४० मीटर लांब आहे.

तुमच्या हातातल्या तुकड्याला हेच प्रश्न विचारायचे. मी ज्या क्रमाने विचारतो तो असा.

आधी आतली बाजू बघा. जिवंत प्राण्याच्या कवचाच्या आत काही चिकटू शकत नाही, कारण तिथे प्राणी असतो. आतल्या भिंतीवर बार्नेकल (खडकांना चिकटून राहणारे बारीक, टणक कवचाचे समुद्री जीव) किंवा नळीसारख्या किड्यांची घरं असतील, तर तो प्राणी मरून कवच समुद्राच्या तळाशी पडून राहिलं होतं आणि मग कुणीतरी ते उचललं. म्हणजे ते खाण्यासाठी आणलं नव्हतं. एवढ्या एका निरीक्षणाने 'जेवण' आणि 'कच्चा माल' वेगळे होतात. मला या अभ्यासातली ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते.

मग कडा बघा. लाटांनी घोळवलेल्या तुकड्याच्या सगळ्या कडा सारख्याच गोल असतात. माणसाने घासलेल्या तुकड्याची एखादीच बाजू सपाट असते आणि तिच्यावर एका दिशेच्या बारीक रेषा दिसतात.

मग भोकं. शिकारी समुद्री गोगलगायी दुसऱ्याच्या कवचाला भोक पाडून आतला प्राणी खातात. त्यांच्या एका कुळाचं भोक नेटकं गोल असतं, बाहेरून रुंद आणि आत निमुळतं होत गेलेलं, बशीसारखं. नवखे लोक याला हटकून मणी म्हणतात. मीही म्हणालो होतो. समुद्री स्पंज कवच पोखरतात तेव्हा बारीक भोकांची जाळी होते. टाचणीने किंवा हाडाच्या टोकाने दाबून पाडलेल्या भोकाची कड मात्र ओबडधोबड, टवके उडालेली असते.

शेवटी शेजार. चुलीजवळ होता? हाडांबरोबर? की जमिनीत स्वतः शिरलेली गोगलगाय आहे? जमिनीवरच्या गोगलगायी मोकळ्या मातीत खोलवर जातात आणि हजारो वर्षं जुन्या थरात गेल्या पावसाळ्यातलं कवच सापडतं. ते चकचकीत असेल, त्याचा मूळ रंग आणि पातळ बाह्य साल शाबूत असेल, तर शंका घ्या.

पायरी ४: मोजणी

ढिगात पाचशे तुकडे आहेत म्हणजे पाचशे शिंपले नाहीत. एक तिसरी फुटली की दहा तुकडे होतात. म्हणून 'कमीत कमी किती प्राणी' हा आकडा काढतात. दोन झडपांच्या शिंपल्यात बिजागरीचा भाग सगळ्यात टिकाऊ असतो. बिजागरी असलेले तुकडेच घ्या, डाव्या आणि उजव्या झडपा वेगळ्या करा, आणि जी संख्या मोठी ती धरा. समजा ४२ डाव्या आणि ५७ उजव्या निघाल्या, तर कमीत कमी ५७ प्राणी. वेटोळ्यांच्या कवचात शेंडा किंवा मधला दांडा मोजतात, जो जास्त संख्येने असेल तो. डावी-उजवी ओळखायला बिजागरी वर धरा आणि तिच्याजवळचं चोचीसारखं टोक तुमच्यापासून लांब रोखा. आता जी झडप उजव्या हाताला ती उजवी. सगळ्या जातींना हे लागू पडत नाही, पण तिसरीसारख्या बहुतेकांना पडतं.

वजनही करा, पण एकट्या वजनावर विसंबू नका. कालवाचं कवच जाडजूड, तिसरीचं पातळ. वजनाने बघितलं तर कालवं नेहमीच जिंकतात.

आणि चाळणी बारीक घ्या. पाच-सहा मिलिमीटरच्या जाळीतून बारीक कवचं आणि मण्यांचे तुकडे सहज निसटतात. निदान काही ठरावीक घमेल्यांची माती दोन मिलिमीटरच्या जाळीतून पाण्याखाली चाळलीच पाहिजे. खड्ड्यावर घाई असते हे मान्य, तरी यावर भांडा.

पायरी ५: पोट भरण्याचा हिशेब

शिंपल्यांचा ढीग डोळ्यांना फसवतो. टरफल कुजत नाही, भात-भाजी-मासा कुजतो, म्हणून असं वाटतं की ही माणसं शिंपल्यांवरच जगत होती. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ जेफ बेली यांनी १९७० च्या दशकात एक हिशेब मांडला: एका लाल हरणापासून जेवढे उष्मांक मिळतात, तेवढे मिळवायला सुमारे ५२,००० कालवं लागतील. हा आकडा वाचून अनेकांनी शिंपल्यांना किरकोळ अन्न ठरवून टाकलं. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. हरीण पळतं, शिंपला पळत नाही. ओहोटी रोज येते. म्हातारी माणसं, पोरंबाळं, लेकुरवाळ्या बायका, सगळ्यांना जमेल असं ते अन्न आहे, आणि वाईट आठवड्यात तेच तारून नेतं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर बेटी मीहान यांनी १९७२-७३ मध्ये अनबारा लोकांबरोबर राहून शिंपले वेचण्याची नोंद केली. वेचणाऱ्या मुख्यतः स्त्रियाच होत्या. लोक किनाऱ्यावरच भाजून खात, टरफलं तिथेच पडत. म्हणजे घराच्या जागी टरफलं कमी मिळाली, तर 'खात नव्हते' असं म्हणता येत नाही.

ही सवय किती जुनी? दक्षिण आफ्रिकेतल्या पिनॅकल पॉइंट गुहेत सुमारे १,६४,००० वर्षांपूर्वी माणसं समुद्रातले शिंपले आणून खात होती. निअँडर्थलही खात.

कोणत्या ऋतूत खाल्लं हेसुद्धा टरफल सांगतं. कवच बनताना त्यात ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचं जे प्रमाण उतरतं, ते पाण्याच्या तापमानाप्रमाणे बदलतं. कवच कडेने वाढत असल्याने अगदी शेवटच्या कडेचा नमुना म्हणजे प्राणी मेला तेव्हाचं पाणी. निकोलस शॅकल्टन यांनी १९७३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नेल्सन बे गुहेतल्या टरफलांवर ही पद्धत वापरून ती हिवाळ्यात गोळा केल्याचं दाखवलं. आपल्याकडे हे करताना एक अडचण आहे. खाडीत पावसाळ्यात गोडं पाणी मिसळतं आणि तेही हेच प्रमाण बदलतं. म्हणून शेजारच्या आजच्या शिंपल्यांचे महिन्यामहिन्याचे नमुने आधी हवेत. पायरी २ मध्ये डबीवर महिना लिहायला सांगितला तो यासाठी.

पायरी ६: हडप्पाकालीन शंखकाम वाचायला शिका

भारतात हा विषय शिकायचा तर सिंधू संस्कृतीचं शंखकाम हीच खरी शाळा. कारण इथे तयार बांगडीपासून फेकलेल्या टवक्यापर्यंत सगळी साखळी सापडली आहे.

मुख्य माल म्हणजे आपला पूजेचा शंख, टर्बिनेला पायरम. कच्छच्या आखातात तो मिळतो, आणि तिकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर. कवच जाड, पांढरं, पोकळीचा घेर मनगटाएवढा. मधल्या दांड्यावर तीन-चार ठळक घड्या असतात. दांड्याचा बोटभर तुकडा मिळाला तरी या घड्यांवरून जात ओळखता येते. त्या एकदा बोटांनी चाचपून लक्षात ठेवा.

अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनोयर यांनी हे काम उलगडलं, आणि त्यासाठी ते बंगालमधल्या शंखकारांकडे गेले. तिथे सधवांच्या हातातल्या 'शाखा' नावाच्या पांढऱ्या बांगड्या अजून शंखातूनच कापल्या जातात. आजच्या कारागिराच्या पायाशी पडलेला कचरा आणि चार हजार वर्षांपूर्वीचा कचरा शेजारी ठेवला, तेव्हा कामाचे टप्पे जुळू लागले. ते टप्पे असे: हातोडीने शेंडा आणि आतल्या भिंती फोडून शंख पोकळ करायचा. मग करवतीने आडव्या चकत्या कापायच्या. चकतीच्या आतला उरलेला पडदा ठोकून काढायचा. आतून गोल वालुकाश्माने आणि बाहेरून सपाट दगडावर घासायचं. शेवटी नक्षी.

करवत मात्र हाती लागली नव्हती, तिचे ओरखडे शंखांवर राहिले होते. खाचेची रुंदी आणि वळण मोजून केनोयर यांनी सांगितलं की ती काशाची, बाहेर फुगीर धारेची आणि साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची असावी. एवढी पातळ आणि तरी शंख कापणारी पात म्हणजे धातुकामातलं केवढं कसब. आणि ते कळलं फेकून दिलेल्या तुकड्यांवरून.

हडप्पाकालीन बांगडी ओळखायची खूण तिच्या नक्षीत आहे. शंख वेटोळ्यांचा असल्याने कापलेली चकती पूर्ण वर्तुळ नसते. जिथे एक वेटोळं दुसऱ्याला भेटतं तिथे एक सांधा राहतो. कारागिरांनी नेमकं तिथेच इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच कोरली. दोष झाकला गेला आणि तीच शोभा झाली. बांगडीचा इंचभर तुकडा मिळाला आणि त्यावर ही खाच असेल, तर तो त्या वेटोळ्याच्या नेमक्या कुठल्या भागाचा हे तुम्ही सांगू शकता. हडप्पाच्या दफनभूमीत प्रौढ स्त्रियांच्या डाव्या हातात शंखाच्या बांगड्या मिळाल्या आहेत.

आता स्थळं. नागेश्वर हे द्वारकेपासून जवळ, कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यालगत. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने १९८० च्या दशकात तिथे उत्खनन केलं. वस्ती लहान, पण शंखकामाचा कचरा अमाप. तयार वस्तू त्या मानाने कमी, म्हणजे माल बाहेर जात होता. काटेरी फाट्यांच्या चिकोरियस रॅमोसस या शंखापासून तिथे पळ्याही बनत. शंखाची नैसर्गिक पन्हळ म्हणजे पळीचा दांडा आणि पोट म्हणजे वाटी, कापायचं एवढंच बाकी. दुसरं स्थळ गोला धोरो, म्हणजे बगसरा. १९९६ पासून याच विद्यापीठाने तिथे काम केलं, आणि तटबंदीच्या आत न कापलेल्या शंखांचे ढीग जसेच्या तसे मिळाले. माल आणून ठेवला, आणि काम झालंच नाही. त्या ढिगासमोर उभं राहून कुणालाही वाटेल की कारागीर आत्ता जेवायला घरी गेलाय.

पश्चिमेला, आज पाकिस्तानात असलेल्या सोनमियानी आखाताजवळच्या बालाकोटला वेगळीच तऱ्हा. तिथे शंखाबरोबर दोन झडपांच्या जाड शिंपल्याच्याही बांगड्या करत. शिंपला मधून ठोकून, घासून कड तेवढी ठेवायची. त्यामुळे बांगडीचा तुकडा दिसला की 'शंख' असं लगेच लिहू नका. वाढीच्या रेषा बघा. शिंपल्याच्या बांगडीत त्या कडेला समांतर जातात. भिंगाखाली हस्तिदंतात एकमेकांना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते, हाडात बारीक छिद्रं दिसतात, शंखात यांपैकी काहीच नसतं.

आणि हा माल किती लांब जात होता? बलुचिस्तानातल्या मेहरगढ इथे, समुद्रापासून सुमारे ५०० किलोमीटरवर, नवाश्मयुगीन दफनांत समुद्री शंखाचे दागिने आहेत. तो काळ हडप्पापेक्षा काही हजार वर्षं आधीचा. महाराष्ट्रातही इनामगाव आणि नेवाशासारख्या, समुद्रापासून घाट ओलांडून आत असलेल्या ठिकाणी शंखाचे मणी आणि बांगड्या सापडल्या आहेत. घोडनदीकाठच्या शेतकऱ्याच्या घरात समुद्र पोहोचला होता. असा तुकडा देशावर सापडला की त्याच्याबरोबर शेंडे आणि दांडे सापडले का, हा प्रश्न आधी विचारा. सापडले तर शंख अख्खा आला आणि काम गावात झालं. नाही सापडले तर बांगडी तयार आली. व्यापाराबद्दलची निम्मी चर्चा या एका प्रश्नावर उभी आहे, आणि कचऱ्याची पिशवी न उघडता ती करता येत नाही.

पायरी ७: मणी आणि भोकं

दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीची, भोकं पाडलेली ४१ बारीक कवचं मिळाल्याचं क्रिस्टोफर हेनशिलवुड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जाहीर केलं. जेमतेम एक सेंटिमीटरची ही कवचं. ती दागिना आहे हे ठरवताना त्यांनी चार धागे एकत्र केले: जात खाडीतली, तर गुहा खाडीपासून सुमारे वीस किलोमीटरवर. प्राणी इतका लहान की खाण्यासाठी कुणी वाहून आणणार नाही. भोकं सगळ्यांना एकाच जागी. आणि भोकाच्या कडा दोरीने घासून गुळगुळीत झालेल्या, काहींवर गेरूचे अंश. यांतला एकच धागा असता तर मी मान्य केलं नसतं. चारही आहेत म्हणून पटतं. मोरोक्कोच्या बिझमून गुहेतले मणी तर १,४२,००० वर्षांहून जुने ठरले आहेत.

तुम्ही मण्यावर टिपण लिहाल तेव्हा याच क्रमाने चार ओळी लिहा. 'मणी' हा शब्द पाचव्या ओळीत.

पायरी ८: काळ

शिंपल्यावरून कार्बन-१४ ने काळ काढता येतो, पण आकडा जसाच्या तसा घेऊ नका. समुद्राच्या पाण्यातला कार्बन जुना असतो, त्यामुळे समुद्री कवच सरासरी ४०० वर्षांनी अधिक जुनं दिसतं. अरबी समुद्राच्या काही भागांत खोलवरचं पाणी वर येतं, तिथे फरक आणखी वाढतो. नदीतले शिंपले आणि गोगलगायी चुनखडीच्या प्रदेशातून जुना कार्बन घेतात, ते वेगळंच. शक्य असेल तर त्याच थरातला कोळसा किंवा धान्याचा दाणाही तपासायला द्या.

पायरी ९: धुणं आणि ठेवणं

साधं पाणी, मऊ ब्रश, सावली. व्हिनेगर, लिंबू किंवा कोणतंही आम्ल लावू नका, कवच विरघळतं. मण्याच्या किंवा शंखाच्या आतली माती धुऊ नका, तिच्यात गेरू, धागा, काजळी असू शकते. वार्निश लावून चमकवू नका. लाकडी कपाटात ठेवू नका: लाकडातून आणि हलक्या पुठ्ठ्यातून आम्लाची वाफ निघते आणि काही वर्षांत कवचावर पांढरी भुकटी धरते. चांगले चांगले संग्रह असे गेले आहेत. प्लॅस्टिकची डबी आणि आम्लविरहित कागद बरा. चिठ्ठी दोन, एक आत आणि एक बाहेर.

कुठे बघायचं

पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन स्थळांच्या वस्तू आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात हडप्पा दालन आहे. धोलावीराला जाणार असाल तर तिथलं संग्रहालय सोडू नका. कपाटातल्या बांगड्या बघून झाल्या की तिथल्या माणसांना नम्रपणे विचारा की शंखाचे कापीव तुकडे, फेकलेले दांडे कुठे मांडलेत का. विद्यार्थी असाल तर विभागप्रमुखांचं पत्र घेऊन कोठारातल्या पिशव्या बघण्याची परवानगी मागा. बऱ्याच पिशव्या बांधल्यापासून कुणी सोडलेल्या नाहीत, आणि त्यांचं काम करायला माणूस मिळाला तर संस्थांना बरंच वाटतं.

जुन्या पेट्यांत काय असतं याचं माझं आवडतं उदाहरण जावा बेटावरचं. युजेन डुब्वा यांनी १८९० च्या दशकात त्रिनील इथून होमो इरेक्टस या आदिमानवाच्या हाडांबरोबर गोड्या पाण्यातले शिंपलेही आणले. ते नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयात शतकभर पडून होते. २००७ मध्ये एका संशोधकाने तुलनेसाठी त्यांचे फोटो काढले आणि नंतर ते बघताना एका टरफलावर नागमोडी कोरीव रेषा दिसल्या. पुढच्या तपासात त्या सुमारे ४,३०,००० ते ५,४०,००० वर्षांपूर्वीच्या ठरल्या, आणि इतर काही टरफलांना स्नायू जिथे चिकटतो नेमकं तिथे टोकदार वस्तूने भोक पाडलेलं आढळलं, शिंपला उघडण्यासाठी. नुसत्या डोळ्यांना त्या रेषा जवळजवळ दिसत नाहीत. म्हणून टेबलावरचा दिवा डोक्यावर न ठेवता बाजूला, अगदी खाली ठेवा, प्रकाश तिरपा पडू द्या, आणि प्रत्येक टरफल चारही बाजूंनी सावकाश फिरवून मगच पुढचं उचला.